मुद्देमालाला वाहिलेला नारळ

त्या कांडप मशीनचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. घरात तिखटाचा डबा उघडला की आधी ते आठवतं, मग शिंक येते.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शिक्षण सातवी. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आजही नाही. लोक म्हणतात, आबा, पुस्तकासारखं लिहा. मला पुस्तकासारखं येत नाही. मी स्टेशन डायरीसारखं लिहितो. कोण आलं, काय बोललं, पुढं काय झालं. नावं मात्र लिहिणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून बाजारात भेटतात आणि चहा पाजतात.

रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं. मंगळवारची सकाळ. हजेरी उरकली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मी होतो. कळसाडीची एक बाई आली. मी बाकडं दाखवलं, ती बसली नाही.

"जमादार आबा, मन्ही मशीन गयी."

"कसानी मशीन?"

"मिरची कांडानी."

"चोरी गयी?"

"चोरी नही. मीच टेम्पोमा चढाई दिधी."

एवढ्या नोकरीत मी खूप चोऱ्या लिहिल्या, पण फिर्यादीनं स्वतः हात लावून टेम्पोत चढवलेली ही पहिली. मी पेन खाली ठेवला आणि तिला म्हटलं, आधी बस, मग सांग. या बाईला आपण अक्का म्हणू. चाळिशीची असेल. आवाज असा, की मागच्या खोलीतला वायरलेसवाला दरवाजा लावून घ्यायला आला.

अक्का आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला गुजरातमध्ये जायचे. तिनं ठरवलं, आता कोयता बस. आपल्या जिल्ह्यात मिरची काय कमी आहे? प्रत्येक घरी वर्षाचं तिखट लागतं. गावात कांडप टाकू. त्यासाठी सरकारची योजना होती. बँक कर्ज देते, त्यातला काही भाग सरकार अनुदान म्हणून भरतं. पण अनुदान आधी बँकेत अडकून राहतं. बँकेचा साहेब गावात येऊन मशीन जागेवर चालताना पाहतो, मगच ते सुटतं. मशीन दिसली नाही तर फाईल बंद, अनुदान परत, आणि सगळं कर्ज बाईच्या डोक्यावर.

"सोमवारले साहेब येवाव शे," अक्का म्हणाली. "मशीन नही दिसनी तं मंग पुन्हा कोयता आनि पुन्हा गुजरात. मी जावाव नही, आबा. सांगी ठेवस."

जशी काही मीच तिला पाठवणार होतो.

मशीन नेली होती योजनावाल्यानं. हा गडी शहरात पहिल्या मजल्यावर बसायचा. बाहेर बोर्ड, कर्ज व अनुदान मार्गदर्शन. ऑनलाइन फॉर्म, आधार, प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं करून द्यायचा. वाईट काम नाही. आमच्याकडच्या माणसाला मिरची पिकवता येते, वाळवता येते, विकता येते, पण 'पाच वर्षांचा अंदाजित नफा' लिहिता येत नाही. मलाही येणार नाही. तर हा गडी पंधरा दिवसांपूर्वी टेम्पो घेऊन कळसाडीला आला. "अक्का, फुकट सर्व्हिसिंग आहे, कंपनीचा नियम. दोन दिवसांत आणून देतो." त्यानंतर रोज उद्या.

मी साहेबांकडे गेलो. आमचे फौजदार साहेब तरुण, डबल ग्रॅज्युएट, साताऱ्याकडचे. माणूस चांगला, पण अहिराणी ऐकली की चेहरा परीक्षेतल्या पोरासारखा करायचे.

"आबा, बाईनं स्वतः दिलीय. ही चोरी होत नाही. तिला म्हणावं, नोटीस पाठव."

"नोटीस पोचेपर्यंत सोमवार जाईल, साहेब."

"तो आपला विषय नाही."

"बरं," म्हटलं, आणि तिथंच उभा राहिलो. माझी एक सवय आहे. वाद घालत नाही, जातही नाही. साहेबांनी दोन फोन केले, तीन सह्या केल्या, मान वर केली. मी होतोच. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, विश्वासघाताचा अर्ज घ्या. चौकशीला बोलवा त्याला."

बुधवारी योजनावाला आला. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बसण्याआधी त्यानं खुर्ची पुसली. ठाण्याची खुर्ची पुसणारा माणूस मला आवडत नाही.

"मशीन कोठे शे?" मी विचारलं.

"सर, सर्व्हिस सेंटरला आहे. सुरतला. मेल आलेला आहे."

"मेल राहू दे. पावती?"

"सर, आता पावती नसते. सगळं पेपरलेस असतं."

साहेबांनी त्याला बाहेर बसवलं आणि बँकेला पत्र दिलं. बँकेनं दुपारी फोटो लागलेल्या चार फायली पाठवल्या. चारही याच्या हातच्या, चारही कांडप मशीनच्या. एक अक्काची. एक कोरीटची, एक सारंगखेड्याकडची, एक शहरातल्या मसालेवाल्याची. साहेब इंग्रजी वाचायला बसले. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी फोटो पाहत बसलो.

फोटोंचं एक सांगायला हवं. पूर्वी दुकानात मशीनपुढं उभं राहून फोटो काढला की काम व्हायचं. आता मोबाइलवर फोटो काढला की खाली जागेचा आकडा उमटतो. म्हणजे मशीन खरोखर त्या गावात, त्या ओट्यावर पाहिजे. सरकारला वाटलं, आता लबाडी बंद. लबाडी बंद झाली नाही, तिला टेम्पो लागायला लागला एवढंच.

अक्काच्या फोटोत मशीनच्या दांड्याला हिरवी चिंधी होती. साडीच्या काठाची. कोरीटच्या फोटोत तीच हिरवी चिंधी, आणि तिच्यावर पूजेचा लाल नाडा. सारंगखेड्याकडच्या फोटोत चिंधी, लाल नाडा, आणि हळकुंड बांधलेला पिवळा दोरा. मसालेवाल्याच्या फोटोत हे तिन्ही, आणि खाली सातशे शहाऐंशीचं हिरवं स्टिकर.

मी चारही फोटो टेबलावर ओळीनं लावले. "साहेब, वाचायचं थांबवा. इकडे बघा."

साहेबांनी पाहिलं. मग तारखा पाहिल्या. मी लावलेली ओळ आणि तारखांची ओळ एकच होती. साहेबांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. डबल ग्रॅज्युएट माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

योजनावाल्याला आत घेतलं. तो हसला. "सर, कंपनी एक, मॉडेल एक. दिसणार तसंच."

"आनि चिंधी बी कंपनीच बांधी देस का?"

"लोक बांधतात, सर. श्रद्धेचा विषय आहे."

श्रद्धेचा विषय म्हटल्यावर साहेब जरा बिचकले. मी नाही.

गुरुवारी सकाळी मी कोरीटला गेलो. हद्द आमची नव्हती, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून गेलो. घराच्या ओट्यावर मशीन नव्हती, पण भिंतीशी नारळाची करवंटी पडलेली आणि फरशीवर कुंकवाचं बोट. घरचा माणूस म्हणाला, आमची मशीन दुरुस्तीला गेली. आत चुलीशी त्याची आई बसलेली. मी तिला रामराम केला आणि विचारलं, "माय, नारळ कसाना?"

"मशीनना," म्हातारी म्हणाली.

"कितला दिन व्हती मशीन?"

"सकायले उनी, दुपारले गयी."

"आय, तू गप बस!" पोरगा ओरडला.

"काबरं गप बसू? लक्ष्मी घरमा उनी, घडीभर का व्हईना. बिगर नारळनी धाडू का तिले?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नैवेद्य बी दिधा व्हता, जमादार. याले सांगो, मी काही कमी नही करं."

पोरगा खाली बसला. त्यानं कोटेशनवर सही केली होती, मशीनऐवजी कर्जातली थोडी रोख हातात घेऊन बाकी योजनावाल्याच्या खिशात जाऊ दिली होती, बँकेला खोटा फोटो दिला होता. त्याच्या आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच सिद्ध करायचं होतं की आपण पाहुणीला रिकाम्या हातानं पाठवलं नाही.

मसालेवाला चाचा जुन्या वस्तीतला, तीन पिढ्या मसाल्याच्या धंद्यातला. तो थेट बोलला. "जमादार साहब, गलती हो गई. लेकिन मशीन घर में आई तो अगरबत्ती लगाई, दुआ पढ़ी, स्टिकर चिपकाया. अब कारोबार की चीज़ है, ऐसे ही कैसे फोटो खींच लूँ?"

"चाचा, ती तर खोट्या फोटोसाठी आणली होती."

"फोटो झूठा था साहब, मशीन तो सच्ची थी ना."

मी जबाब लिहून घेतला. सारंगखेड्याकडच्यांनीही तेच सांगितलं.

आता लबाडी कळली, पण मशीन कुठं होती? योजनावाला सुरत सोडायला तयार नव्हता. शुक्रवार डोक्यावर आला होता. अक्का रोज सकाळी येऊन त्याच बाकावर बसायची आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहायची. मी ते कॅलेंडर काढून आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती घरून स्वतःचं घेऊन आली.

खबर गुरुवारच्या बाजारात मिळाली. आमचा एक मोटार वाइंडिंगवाला आहे. विहिरीच्या मोटारी भरतो, सगळ्या गावांत फिरतो, आणि पोटात काही ठेवू शकत नाही. माझ्या नोकरीत मी न्हावी आणि वाइंडिंगवाला यांच्याशी कधी भांडलो नाही.

"आबा, एक गंमत सांगस," तो म्हणाला. "वर डोंगरमा एक पाडा शे. तठे माले बलायं, म्हने मशीन चालू करी दे. जाईसन देखं तं मिरची कांडानी नवी मशीन, तीन फेजनी मोटार! आनि पाड्यावर बल्बसुद्धा डोळा मारस."

मी त्याला भजी खाऊ घातली आणि ठाण्यात गेलो. योजनावाल्याला पुन्हा बोलावून समोर बसवलं. पाड्याचं नाव घेतलं, आणि विचारलं, "तेस्नी कसानी पूजा करी?"

मग त्यानं लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवली आणि एकदम फुटला.

"आबा, मी प्रत्येक घरी हात जोडून सांगितलं! फक्त फोटो काढायचा आहे, पूजा करू नका, काही बांधू नका. कोणी ऐकत नाही! कोरीटच्या म्हातारीनं तर माझ्याच हातून नारळ फोडून घेतला. टेम्पोवाला म्हणतो, देवाचं काम आहे, थांबू. सोडायला जावं तर घट्ट गाठी. चिंधीला हात लावला तर मलाच म्हणतात, अपशकुन करू नको!"

"मंग पाड्यावरथीन काबरं नही आनी?"

"देत नाहीत! तिथं रेंज नाही, फोटो जाईना, म्हणून एक रात्र ठेवली. सकाळी गेलो तर म्हातारा म्हणतो, देवाला दाखवली, मोहाच्या दारूची धार दिली, आता घरची झाली. पाच वेळा गेलो, आबा. शेवटच्या वेळी कुत्रं सोडलं."

साहेबांनी हे सगळं लिहून घेतलं. लिहिताना एक हात तोंडावर होता. मी विचारलं नाही.

शुक्रवारी आम्ही पाड्यावर गेलो. साहेब, मी, दोन पंच, दोन शिपाई आणि अक्का. अक्काला नेणं नियमात बसतं का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ओळख पटवायला फिर्यादी लागतो. ते पुस्तकात आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

घर कुडाचं, अंगण सारवलेलं. मशीन घरात मधोमध, धान्याच्या कणगीशेजारी. तिच्यावर तांदळाचे दाणे, आणि मोहाचा असा वास की एका शिपायानं दोनदा जवळ जाऊन खात्री केली. घरधनी म्हातारा दारात उभा राहिला. त्याची घरची बोली वेगळी, पण आमच्याशी मराठीत बोलला, एकेक शब्द मोजून.

"मी चोर नाही. तो माणूस आला. अंगठा घेतला. बोलला, सरकार मशीन देते. मशीन आली. आम्ही देवाला दाखवली. आता परत कशी देणार?"

त्याला रोख मिळाली नव्हती. काहीच मिळालं नव्हतं. त्याच्या अंगठ्यावर कर्ज मात्र निघालं होतं. हे ऐकून साहेबांचं हसू गेलं, आणि माझंही. सगळ्या प्रकरणात खरा फसलेला माणूस हा होता, आणि मशीन आम्ही त्याच्याचकडून नेणार होतो.

साहेब म्हणाले, "बाबा, कायद्यानं ती या बाईंची आहे."

"कायदा मी नाही पाहिला. ही बाई पण आज पाहिली."

अक्का पुढं झाली. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ती हळू बोलली. "बाबा, तुम्हनी खूण वर शे. सोडी देखो. सगळास्ना खाले मन्ही शे."

म्हातारा मशीनपाशी बसला. पंचांसमक्ष एकेक खूण पाहायला घेतली. त्यानं स्वतः तांदूळ बाजूला केले. पिवळा दोरा वर सरकवला, लाल नाडा वर सरकवला, एकही न सोडता. तळाशी हिरवी चिंधी निघाली. अक्कानं पदराचा काठ तिच्याशेजारी धरला. काठ तोच, कोपऱ्यात फाडलेला.

म्हाताऱ्यानं काठावर बोट फिरवलं. "हिनं आधी देवाला दाखवली," तो म्हणाला. "मग हिची." आणि दारातून बाजूला झाला. ज्या मालकीसाठी बँकेला इतके कागद लागले, ती त्यानं एका चिंधीवर मान्य केली.

अक्का म्हणाली, "तुम्हनी मिरची मी कांडी देसू. दर साल. एक रुपया लेवाव नही." त्यानं मान हलवली. मग आमच्या शिपायांबरोबर त्यानंही मशीनला हात लावला.

पंचनामा मी लिहिला. मशीनवरच्या खुणा पाच. एक, हिरव्या काठाची चिंधी. दोन, लाल नाडा. तीन, हळकुंडासह पिवळा दोरा. चार, हिरवं स्टिकर. पाच, तांदळाचे दाणे व मोहाचा वास. वास जप्त करता येत नाही असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, लिहायला काय जातं?

पण मशीन सापडली म्हणजे अक्काला मिळाली असं नाही. ती आता मुद्देमाल. कोर्टाच्या हुकमाशिवाय फिर्यादीला देता येत नाही. शनिवार-रविवार कोर्ट बंद. सोमवारी अकराला अर्ज, आणि दुपारी बाराला बँकेचा साहेब कळसाडीला. दोन दिवस मशीन ठाण्यात, मुद्देमाल खोलीत माझ्या ताब्यात.

सोमवारी आम्ही मशीन टेम्पोत घालून कोर्टाबाहेर उभी केली. योजनावाल्याचा वकील हुशार. बाहेर जाऊन टेम्पोत डोकावून आला आणि न्यायाधीश मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, पंचनाम्यात पाच खुणा आहेत. प्रत्यक्षात सहा आहेत. मग ही तीच मशीन कशावरून? पोलिसांनी भलतीच आणली असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. मी टोपी नीट केली.

"पंचनामा कोणी लिहिला?" मॅडमनी विचारलं.

"मी, मॅडम."

"मोजता येत नाही का?"

"येतं, मॅडम. शुक्रवारी पाचच होत्या."

"मग सहावी?"

खोटं बोलायला एक क्षण होता. पण पाच घरांचे जबाब मीच घेतले होते, आणि प्रत्येकाला मीच हसलो होतो. समोर अक्का होती आणि तिचा कोयता.

"सहावी रविवारी झाली, मॅडम. मी बांधली."

"तुम्ही? कशासाठी?"

"मशीन दोन दिवस ठाण्यात होती, मॅडम. आपल्या दारी आलेली वस्तू. बिगर नारळाची कशी ठेवायची? नारळ वाहिला. नाडा नव्हता, म्हणून मुद्देमालाच्या पुड्याला बांधतो ती पांढरी दोरी घेतली, हळद-कुंकू लावलं आणि बांधली. वर ठाण्याच्या लाखेचा ठिपका पण आहे. बघून घ्या."

वकील खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते. मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मुद्देमालात फेरफार आहे हा. समजतं ना?"

"समजतं, मॅडम. शिक्षा मला द्या. मशीन तिला द्या."

हुकूम झाला. माझ्याविषयी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या, त्या मी आजही वाचलेल्या नाहीत, इंग्रजीत आहेत.

टेम्पो कळसाडीला पोचला तेव्हा बँकेचा साहेब ओट्यावर घड्याळ बघत उभा. आम्ही मशीन उतरवली आणि अक्का म्हणाली, "थांबा." आतून ताट आणलं. बँकेचा साहेब म्हणाला, "बाई, मला अजून दोन गावं आहेत." अक्का म्हणाली, "ती चार घर आनि एक ठाणं फिरी उनी. तुम्ही दोन मिनिट थांबा." तो थांबला. मग तिनं मिरची टाकून मशीन चालू केली. साहेबानं शिंकत शिंकत सही केली आणि पळाला. अनुदान सुटलं.

बाकीच्यांचं जे व्हायचं ते कोर्टात झालं. योजनावाला बरेच महिने आत होता. पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं कर्ज रद्द करायला आमचे साहेब स्वतः चार वेळा बँकेत गेले, हे लिहून ठेवलं पाहिजे. मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' दुसरं वाक्य लिहिताना खात्री नव्हती.

या प्रकरणात मी एक शिकलो. तपासात आम्ही नेहमी विचारतो, माणूस काय लपवतो. ते कधी सापडतं, कधी नाही. माणूस काय केल्याशिवाय राहूच शकत नाही, ते शोधावं. बँकेला खोटं सांगायला कोणी कचरलं नाही, पण नारळ फोडल्याशिवाय मशीन दारातून जाऊ द्यायला कोणी तयार नव्हतं. आणि हे शिकायला मला माझ्याच पुराव्याची दोरी लागली.

आता मी वर्षाचं तिखट अक्काकडेच कांडून घेतो. नंबर लावावा लागतो. पाड्यावरची पोती आधी, हा तिचा नियम, त्यापुढं माझी पेन्शन चालत नाही. तांदूळ आणि मोहाचा वास सोडला तर मशीनवर सगळ्या खुणा आहेत. पांढरी दोरी आता मिरचीनं तांबडी झाली आहे. मागच्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आबा, तुम्हनी दोरी जुनी व्हई गयी. काढी टाकू का?"

मी म्हटलं, "हात लावू नको. मुद्देमाल शे."